पाठ लागली होती का

१९४६ च्या चैत्रात डोंगरकड्याच्या जत्रेत शेवटच्या कुस्तीचं इनाम निजामाच्या हाली शिक्क्याचे पंचवीस रुपये होतं. जत्रेचा हिशेब माझ्याकडं, म्हणून ते माझ्या कनवटीला होते, आणि पंच होता गावचाच जुना पहिलवान, वीस वर्षं लढून लंगोट सोडलेला. एका बाजूला त्याचा पोरगा, दुसऱ्या बाजूला कळमनुरीचा गडी. तेल-ताक मुरलेल्या मातीचा धुरळा उडाला आणि पोरगा एका खांद्यावर पडला. दुसरा खांदा वीतभर वर राहिलेला मी स्वच्छ पाहिला. पंचानं मात्र पाठ लागल्याचा, म्हणजे पोरगा चीत झाल्याचा हात केला. "न्हाई लागली, बापू!" पोरगं ओरडलं. "काहून वाद घालून राहिला? हात मिळव," म्हातारा गरजला. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "त्या बाजूच्या डोळ्यात मोतीबिंदू हाय, मला दिसलंच न्हाई. घरच्याला कौल दिला असता तर लोक थुंकले असते. तुमी समोर होता, लागली व्हती ना?" रुपये अजून माझ्याकडं होते, निकाल फिरवता आला असता, पण सगळ्या गावासमोर त्याला आंधळा कसा ठरवू? "व्हय, लागली व्हती," मी म्हणालो. पोरगं ऐकत होतं. ते पुन्हा मातीत उतरलं नाही, आणि तो 'व्हय' आजही मला बरोबर वाटत नाही. पंचवीसही रुपये मी मोजून कळमनुरीच्या गड्याला दिले.