मोहाखालचा खराटा

मार्चअखेरच्या सकाळी जंगलातल्या रस्त्याकडेला मोटारसायकल लावून मी उतरलो, तर मोहाच्या झाडाखाली एक बाई खराट्याने पाला लोटत होती. जंगलात झाडलोट मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"पहिले आम्ही पाला पेटवूनच देत होतो," ती म्हणाली. "जमीन साफ झाली की पडलेली मोहफुलं दिसतात. मागच्या वर्षी हवा फिरली अन् आग डोंगरावर चढली. तेव्हापासून खराटा."

डोंगरावरची खोडं अजून काळी होती. इकडे सागाची पानं पापडासारखी वाळून पसरलेली. एवढं मोठं जंगल, आणि ते एका बाईच्या खराट्यावर टिकलेलं.

इतक्यात तिचा हात थांबला. ती माझ्या मागे पाहत होती.

"भाऊ, गाडी पाल्यावर उभी केली तुम्ही. सायलेन्सर गरम असन."

मी धावत जाऊन गाडी डांबरावर ढकलली. सायलेन्सरखालचं एक पान कडेने काळं पडत चाललं होतं. ते मी बुटाखाली दाबलं, पण नंतर कितीतरी वेळ पाय उचलायचा धीर होईना.