वारसाच्या रकान्यातलं नाव

पेन्शनच्या बाबूनं माझं सेवापुस्तक उघडलं, वारसाच्या रकान्यावर बोट ठेवलं आणि तिथलं नाव मोठ्यानं वाचलं. मग बाहेरच्या बाकाकडे बघत म्हणाला, "बाई आल्याच हायेत त अंगठा घेऊन टाकू."

बाकावर माझी दुसरी बायको बसली होती. बाबूनं वाचलेलं नाव पहिलीचं होतं, आणि तिला जाऊन बावीस वर्षं झाली होती.

हिनं ते ऐकलं. पदराआड हात नेऊन गळ्यातला टाक मुठीत धरला. मेलेल्या बाईच्या जागी जी लग्न होऊन येते, तिच्या गळ्यात आमच्याकडे सवतीचा टाक बांधतात. चांदीचा लहानसा पत्रा, त्यावर बाईची आकृती. मेलेलीनं मागे लागू नये म्हणून तिला रोज हळदकुंकू वाहायचं, सणाला तिचा घास आधी काढायचा. हिचा टाक चालता-फिरता मंगळसूत्राच्या वाटीवर वाजायचा. त्या बारीक आवाजावरून मला ही घरात कुठं आहे ते कळायचं. खरं सांगायचं तर दोघी कुठं आहेत ते कळायचं, आणि मी शक्यतो दुसऱ्या खोलीत जायचो.

मी साकोलीकडचा पटवारी. बांधाबांधानं पायपीट करून छातीत दमा घर करून बसला, म्हणून पन्नाशीच्या आतच डॉक्टरांच्या दाखल्यावर नोकरी सोडायला निघालो होतो. सत्तरचं दशक संपत आलं होतं. हाताशी काय, तर फंड, ग्रॅच्युइटी आणि पोस्टातलं पुस्तक. इन्कम टॅक्सचं काही भरावं लागेल का म्हणून विचारलं तर बाबू हसला. एवढ्याशा पैशावर सरकारचाही डोळा नव्हता. सोबतचे म्हणत, थोडी पेन्शन सरकारला विकून एकरकमी पैसा घ्या, उद्याचं कोणी पाहिलं. पण उद्याचंच तर मला पाहायचं होतं. डॉक्टरांनी छातीचा फार भरवसा दिला नव्हता. आम्हाला मूलबाळ नाही, शेत भावाच्या नावावर. माझ्या मागं हिला दोन वेळचं जेवण मिळणार होतं ते कुटुंब पेन्शनीतून, आणि तिथं नाव मेलेल्या बाईचं.

लोकांना वारसाच्या कागदासाठी तीन-तीन हेलपाटे घालायला लावणारा पटवारी, आणि स्वतःच्याच पुस्तकात हा घोळ! दिव्याखाली अंधार म्हणून कचेरी हसली. मी हसू दिलं. विसरलो असं समजलेलं बरं होतं.

मी विसरलो नव्हतो. ते नाव कमी करायला तिच्या मृत्यूची नक्कल लागते. ती नोंद तिच्या माहेरच्या कोतवालाच्या जन्म-मृत्यूच्या पुस्तकात आहे, आणि ते पुस्तक भंडाऱ्याच्या रेकॉर्डरूममध्ये कुठल्या बाजूला ठेवतात हेही मला ठाऊक होतं. दुसऱ्यांसाठी त्या खोलीत कितीदा गेलो. त्या गावच्या कागदांच्या बस्त्याला मात्र कधी हात लावला नाही.

पहिली बाळंतपणाला माहेरी गेली होती, अड्याळच्या पलीकडे. वसुलीचा महिना. सोमवारी दुपारी तिकडून माणूस आला, बाई अडली आहे म्हणाला. माझ्या पिशवीत सरकारी वसुली होती. ती खजिन्यात भरल्याशिवाय गाव सोडता येत नव्हतं, एवढं खरंच आहे. मंगळवारी दुपारपर्यंत पैसे भरले, चलन घेतलं. तिसऱ्या प्रहरची मोटार समोर उभी होती. पण बुधवारी तहसीलदार दौऱ्यावर येणार होते आणि माझी नोकरी नवी होती. बाळंतपण बायकांचं काम, मी जाऊन काय करणार, असं मनाला सांगून थांबलो. गुरुवारी संध्याकाळी तिकडे पोचलो तर सगळं आटोपलेलं. बाळही गेलं होतं. सासऱ्यांनी माझा हात धरला. म्हणाले, "माणूस तुमच्याकडे पोचलाबी नसन, तवाच गेली. पाखरू होऊन आले असते तरी भेट नवती."

त्या एका वाक्यावर मी बावीस वर्षं काढली. दहावं कधी, तेरवी कधी, ते दिवस सासऱ्यांनी मोजले आणि त्यांनी सांगितलं तिथं मी बसलो. आयुष्यभर दुसऱ्यांच्या तारखा लिहिणाऱ्या माणसानं तेवढ्या तारखा मोजल्या नाहीत. मला त्या मोजायच्याच नव्हत्या.

भंडाऱ्याला ही सोबत आली. नको म्हटलं तरी आली. रेकॉर्डवाल्यानं ओळखीचा म्हणून बस्ता माझ्याच पुढ्यात टाकला. चलनाची तारीख मला पाठ होती. तिच्या आदल्या दिवशीच्या नोंदी पाहिल्या, म्हणजे सोमवारच्या. नाव नव्हतं. मंगळवारी नव्हतं. बुधवारी होतं. वय वीस, कारण बाळंतपण. त्याखालच्या ओळीत नाव नसलेली मुलगी, वय एक दिवस.

म्हणजे मंगळवारची मोटार धरली असती तर ती मला भेटली असती. एक रात्र, कदाचित अर्धा दिवसही. आणि मला एक दिवसाची मुलगी होती. मी पुस्तक मिटलं आणि पुन्हा उघडलं. नोंद बदलली नव्हती.

बाहेर निंबाच्या पारावर बसलो. माझा श्वास लागला होता. हिनं लोट्यातलं पाणी पुढं केलं.

मी म्हटलं, "ते सोमवारी नाई गेली."

"मले मालूम हाये," ही म्हणाली. "सासूबाईनं टाक बांधताना कानात सांगतलं. म्हणे, तुयी सवत दोन दिवस दाराकडे पाहून पाहून गेली. तिले नीट सांभाळजो."

"मंग मले काहून नाई सांगतलं?"

"तुमी कधी इचारलं?"

त्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. माझी माय, सासरे, ही, सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळ्यांनी मला सांभाळून घेतलं होतं. दाराकडे पाहणारीला तेवढं कोणी सांभाळलं नव्हतं, या परक्या घरच्या पोरीशिवाय. ती रोज सकाळी माझ्या वतीनं तिला कुंकू लावत होती.

नक्कल जोडली. जुनं नाव तांबड्या शाईनं कापलं गेलं, हिचं नाव चढलं. नवरा-बायकोचा एकत्र फोटो लागत होता, तो साकोलीत काढला. फोटोवाला म्हणाला, "बाई, तो टाक आत घ्या, चमकून राहिला." ही म्हणाली, "राहू द्या भाईर." पेन्शनीच्या कागदावर आम्ही दोघं आहोत आणि मधे एक पांढरा ठिपका.

माझ्या मागं हिचं भागणार म्हणून मी निर्धास्त झालो. पण डॉक्टरांचा हिशोब चुकला. माझी छाती तग धरून राहिली आणि पाच-सहा वर्षांनी कावीळ होऊन हीच अंथरुणाला लागली. भंडाऱ्याच्या दवाखान्यात तिच्या खाटेजवळून मी नऊ दिवस हललो नाही. नर्स ओरडायची, जेवून तरी या. शेवटच्या दिवशी दुपारी हिनं स्वतःच्या हातानं टाक सोडला आणि माझ्या तळहातावर ठेवला.

"हिले आता तुमी सांभाळा," म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "मले दाराकडे पाहा नाई लागलं."

तेरवीनंतर मी वारसाचं नाव कमी करायला कचेरीत गेलो. बाबू आता दुसरा होता, तरुण. त्यानं नाव वाचलं आणि विचारलं, "मृत्यूची तारीख?"

नक्कल खिशात होती, टाकाशेजारी. ती न काढताच मी तारीख सांगितली. वार सांगितला. चारला दहा मिनिटं कमी होती, तेही सांगितलं.

"वेळ नाई लागत, बाबाजी," तो म्हणाला. "वेळेचा रकाना नाई हाये."