टेबलावरची भाषा

पत्त्यांच्या क्लबात ती दुपारच्या पाळीला पोकरचे पत्ते वाटायची. सगळे तिला मॅडम म्हणत. हात असा सफाईने चालायचा की बघत राहावं. पण बघायला सवड कुणाला? तोंडाचे पट्टे सुरू. पत्ता वाईट आला की, "मॅडम, सकाळी हात धुतले होते ना?" कुणी विचारात पडला की, "अहो, परीक्षेला बसलात का?" शेवटच्या पत्त्याने डाव फिरला की, "घात झाला, भरल्या ताटावरून उठवलं!" रोज तेच, त्याच चालीत. नवा आलेला माणूसही आठवड्याभरात तीच टेप वाजवू लागे.

पण खरा वीट आणला होता एका निवृत्त पोस्टमास्तरांनी. डाव सोडताना बाकीचे नुसते पत्ते टाकत. हे दोन बोटांनी पत्ते पुढे सरकवत आणि म्हणत, "चला, आपला रामराम." दुपारभर हेच. सुरुवातीला ती हसायची, मग हसल्यासारखं करायची, मग तेही सुटलं.

घरी मात्र ती नवऱ्याला सगळ्यांच्या नकला करून दाखवायची. तो फ्रिज दुरुस्त करायचा. दिवसभर मुक्या यंत्रांत डोकं घालून आलेला माणूस, पोट धरून हसायचा. "पोस्टमास्तर झाले का? ते ठेव शेवटी," म्हणायचा.

एकदा गिऱ्हाइकाकडे माळ्यावरून उतरताना त्याची शिडी सरकली. डोकं फरशीवर आपटलं. तेव्हापासून तो दवाखान्यात यंत्रावर होता आणि ती बाहेरच्या खुर्चीवर. वन्सं रडून रडून बेजार झाल्या होत्या. ती त्यांची पर्स सांभाळत बसली होती.

डॉक्टरांनी दोघींना खोलीत बोलावलं. टेबलाला वरून काच होती.

"मेंदूचं काम पूर्ण थांबलंय," डॉक्टर म्हणाले. "यंत्र चालू ठेवता येईल, पण ते परत यायचे नाहीत. आता तुम्ही सांगा."

तिने दोन बोटं काचेवर टेकवली, पुढे सरकवली आणि म्हणाली, "चला, आपला रामराम."

डॉक्टरांनी मान खाली घातली. वन्सं ताडकन उठून बाहेर गेल्या.

"म्हणजे, थांबवा," ती म्हणाली.

त्यानंतर वन्संनी तिच्याशी बोलणं टाकलं. ती कामावर परतली. पहिल्या दिवशी टेबलावर कुणी चकार शब्द काढला नाही; दुसऱ्या दिवशी पुन्हा हात धुण्याची चौकशी झाली. पोस्टमास्तरांनी पत्ते सरकवले, आपलं ठरलेलं म्हटलं. आता संताप येईल, निदान हुंदका तरी, म्हणून ती थांबली. काहीच आलं नाही. तिने पत्ते गोळा केले आणि पिसायला घेतले.

बऱ्याच दिवसांनी वन्सं भावाचे कपडे आवरायला आल्या. कपाटापुढे दोघी जमिनीवर बसल्या. चार-दोन शर्टांच्या घड्या झाल्यावर वन्संनी विचारलं, "त्या दिवशी तोंडात दुसरं काही आलंच नाही तुझ्या?"

"नाही आलं, वन्सं."

"कुठून आलं ते तरी?"

तिने पोस्टमास्तरांचं सांगितलं. नकलांचंही सांगितलं.

"तो हसायचा? आमच्याकडे तर तोंडातून शब्द काढत नसे."

"डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायचे."

वन्सं हातातल्या शर्टाची कॉलर नुसतीच सरळ करत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला करून दाखव."

तिने दाखवलं. हात धुणारा, परीक्षावाला, भरल्या ताटावरून उठलेला, एकामागून एक, कोरड्या चेहऱ्याने. वन्संना मध्येच हसू फुटलं आणि त्यातच रडू. रडणं ओसरेपर्यंत ती घड्या घालत राहिली.

"तुला अजून रडू नाही आलं ना गं?" वन्संनी नाक पुसत विचारलं.

"नाही."

"बरं," वन्सं म्हणाल्या आणि गुडघ्यावर हात टेकून चहा ठेवायला उठल्या. "साखर कुठं ठेवतेस?"