सागडोहला डॉक्टर आहे, हे खरे आहे काय?

छापून आलेली बातमी दुसऱ्या दिवशी लोक विसरतात. जिला छापायला जागा मिळत नाही, ती मात्र बातमीदाराच्या डोक्यात बिऱ्हाड थाटते आणि हलायचे नाव घेत नाही. यवतमाळच्या बसस्टँडसमोर चहा पीत बसणाऱ्या आमच्या टोळक्यात मी, दोन वकील आणि आमचे आमदार नाना. साठ सालानंतरची ती वर्षे. आमचे निम्मे किस्से एकाच दवाखान्याचे असत. झरीच्या पुढे, जंगलातल्या सागडोहचा दवाखाना. इमारत होती, पाटी होती, डॉक्टर नव्हता.

*

नानांनी नागपूरच्या अधिवेशनात तारांकित प्रश्न टाकला : "सागडोहच्या दवाखान्यात डॉक्टर नाही, हे खरे आहे काय? असल्यास, कारणे काय?" मी पत्रकारांच्या गॅलरीत पेन्सिल परजून बसलेलो.

मंत्री उठले, कागद वाचला. "हे खरे नाही. प्रश्न उद्भवत नाही." आणि बसले!

बाहेर आल्यावर मी खात्याच्या अधिकाऱ्याला गाठून चांगले फैलावर घेतले. तो शांतपणे म्हणाला, "नेमणूक झालेली आहे. डॉक्टर आहेतच. फक्त ते तालुक्याला, पांढरकवड्याला असतात."

*

तणतणत सागडोहला गेलो. दवाखान्यात कंपाउंडर गुलाबराव. ताप असो, खरूज असो, एकच लाल मिक्श्चर; फरक काय तो बाटलीवर चिकटवलेल्या कागदी पट्टीवरच्या डोसाच्या खुणांत. सगळ्यांना एकच औषध कसे देता, असे मी विचारले. गुलाबराव म्हणाले, "मंग दुसरं आहेच कुठी, साहेब?"

ओट्यावर जमलेल्या लोकांना मी मंत्र्यांचे उत्तर वाचून दाखवले. मग एक म्हातारा हळूच म्हणाला, "म्हंजे भाऊ, आमीच खोटं बोलून राह्यलो का?"

*

पुढच्या अधिवेशनात नानांनी तोच प्रश्न पुन्हा टाकला. आता मात्र जिल्ह्यात फोन खणखणले. दवाखान्याच्या भिंतींना चुना लागला आणि उत्तराच्या आधी एक जीप वानखेडे नावाच्या तरुण डॉक्टरला वळकटीसकट सागडोहात उतरवून गेली. मंत्री सभागृहात म्हणाले, "डॉक्टर हजर आहेत." त्या दिवशी ते अक्षरशः खरे होते!

कोलाम आदिवासींच्या पोडांवरून, म्हणजे वस्त्यांवरून बाया, माणसे चालत आली. डॉक्टरही मन लावून तपासत होता. अधिवेशन संपले. तीच जीप आली आणि डॉक्टरला घेऊन गेली.

त्यानंतर मी गेलो, तेव्हा पुनाबाई नावाच्या म्हातारीने मला वाटेत अडवले.

"भाऊ, ते अधिवेशन पुन्हा कवा भरते?"

मला हसू आले. राजकारणाचा एवढा नाद कधीपासून, असे मी विचारले.

"धाकट्या पोरीले पाचवा महिना लागला," ती म्हणाली. "मोठी तं बाळंतपणात बैलगाडीतच गेली, पांढरकवड्याच्या वाटेवर."

हसू जागच्या जागी विरले. यवतमाळला येऊन मी हे नानांना सांगितले. त्यांनी चहाचा कप तसाच खाली ठेवला.

*

तिसऱ्या वेळी नानांनी प्रश्न लिहिला : "सागडोहच्या दवाखान्यात डॉक्टर रोज हजर असतात, हे खरे आहे काय?"

मी वैतागलो. "नाना, हे उलटं काय लिहिलंत?"

"त्यायचा हात 'नाही'वर बसला आहे," नाना म्हणाले. "पाहू, उठते का."

उठला नाही! मंत्री उभे राहिले आणि सवयीने वाचून मोकळे झाले, "हे खरे नाही."

सभागृहात हशा पिकला. विरोधी बाके तर वाजतच राहिली. मंत्र्यांनी कागद पुन्हा वाचला, मागे बसलेल्या अधिकाऱ्याकडे पाहिले, आणि शेवटी त्यांना भर सभागृहात आश्वासन द्यावे लागले : सागडोहला डॉक्टर जाईल आणि तिथेच राहील. त्याच आठवड्यात वानखेडे पुन्हा वळकटी घेऊन पोचले.

आश्वासने मी पुष्कळ पाहिली आहेत. म्हणून अधिवेशन संपताच मी सागडोहची वाट धरली.

*

पोचलो तेव्हा पुनाबाई दवाखान्याच्या ओट्यावर भिंतीला टेकून बसलेली. आत धाकटी. दार बंद.

तेवढ्यात धुरळा उडवत जीप आली. आश्वासन राहिले मुंबई-नागपूरला; जिल्ह्याच्या कचेरीला एकच ठाऊक, अधिवेशन संपले की डॉक्टर परत आणायचा. हेडक्लार्क उतरले आणि मला म्हणाले, "वानखेडे साहेबांची वळकटी कुठं आहे?"

मी तोंड उघडणार, तोच आत पोर रडले. चांगले खणखणीत. पुनाबाईने पदर तोंडाला लावला.

दार उघडून डॉक्टर हात पुसत बाहेर आले. आधी पुनाबाईकडे पाहून मान हलवली, "दोघंही ठीक आहेत." मग हेडक्लार्ककडे वळले.

"साहेब, अधिवेशन संपलं. कळलं असंल?"

"होय."

"सामान बांधलं का मग?"

"नाही."

"मंग निघाचं कधी?"

डॉक्टरांनी टॉवेल खुंटीला अडकवला.

"प्रश्न उद्भवत नाही."