वाटेचे पैसे

"मी जनावराचे पैसे घेत नाही, वाटेचे घेते."

हे वाक्य मी तिच्या तोंडून नगरपालिकेच्या जिन्यात ऐकलं आहे, पाण्याच्या टाकीखाली ऐकलं आहे, दवाखान्याच्या मागच्या दाराशी ऐकलं आहे. कुणी विचारायचं, "मावशी, उंदराला काय घेता?" मग ती हातातली पिशवी खाली ठेवायची, चष्मा वर सरकवायची आणि हे वाक्य असं म्हणायची, की जणू आजच तिला ते सुचलं आहे.

गाव तिला दरमावशी म्हणायचं. नगरपालिकेच्या इमारतींत शिरलेले उंदीर, साप, वटवाघळं, मधमाश्या बाहेर काढण्याच्या कामाचा दर ती ठरवायची. शिडी चढून प्रत्यक्ष काम करायचा तिचा धाकटा भाऊ. ती सगळ्यांची मावशी, म्हणून तो आपोआप सगळ्यांचा मामा झाला. "लोक नगरपालिकेला मामा बनवायला जातात," ती म्हणायची, "मी माझा घरचाच मामा घेऊन जाते."

दुसरे लोक नगावर दर लावायचे. एका उंदराला इतके, एका सापाला इतके. कार्यालयालाही ते सोपं पडायचं, मोजलं की झालं. एकदा लेखनिकाने तिला विचारलं, "तुम्ही का नाही नगावर देत?"

"नगावर दिलं तर उंदीर संपावेत असं मला कधी वाटेल का रे? रोज सकाळी उठून देवाकडे मागत बसेन, उंदरांना पोरंबाळं होऊ दे म्हणून."

तिचा हिशेब वेगळा होता. जनावर कुठून आत आलं, ती वाट शोधायची आणि बंद करायची. दर त्या वाटेचा. पुन्हा त्याच वाटेने काही आत आलं, तर फुकट येऊन बंद करून द्यायची. म्हणून जागा पाहिल्याशिवाय ती दर सांगत नसे. धान्याच्या सरकारी गोदामात मी तिला पाहणी करताना पाहिलं आहे. आधी ती झाडूवालीशी बोलली, कारण कुठला कोपरा रोज घाण होतो हे तिलाच ठाऊक. मग भिंतीच्या कडेने हळूहळू चालली. उंदीर रोज जिथून अंग घासत जातो तिथे भिंतीवर तेलकट पट्टा पडतो. त्या पट्ट्यावरून तिने बोट फिरवलं, वास घेतला. जाताना दाराशी पीठ भुरभुरलं आणि दुसऱ्या दिवशी येऊन पिठातली पावलं वाचली. होय, वाचली. मी वाचणारा माणूस आहे. वाचताना माणसाचा चेहरा कसा होतो, ते मला कळतं.

माझ्याविषयी थोडं सांगायला हवं, कारण ही गोष्ट माझ्या खोलीत घडली. मी नगरपालिकेच्या वाचनालयाचा राखणदार. शाळेत फार गेलो नाही. खेड्यातून इथे झाडू मारायला आलो आणि टेबलावर राहिलेल्या वर्तमानपत्रांच्या मथळ्यांवरून अक्षरं गिरवत शिकलो. आज चार ओळी लिहितो, ते त्याच खोलीच्या जिवावर. लांबट खोली, उंच खिडक्या, मधोमध मोठं टेबल, आणि वर जुनी लाकडी तक्तपोशी. तक्तपोशी आणि कौलं यांच्यामध्ये माळा. तिथे वर्षानुवर्षं कुणी गेलेलं नव्हतं.

एका संध्याकाळी त्या माळ्यावरून फुत्कार ऐकू येऊ लागले. लांब, घोगरे, एकामागून एक. वाचक मान वर करून बसले. दुसऱ्या संध्याकाळी तेच. फटींतून पांढरी घाण टेबलावर पडू लागली. कुणी म्हणालं साप, कुणी म्हणालं सापांचं अख्खं बिऱ्हाड आहे, कुणी वर्तमानपत्र मिटून घरी गेलं आणि परत आलं नाही.

मी कार्यालयात कळवलं. लेखनिकाने दरमावशीला फोन केला. "वाचनालयात साप आहे, आजच दर द्या, साहेबांना सही करायची आहे."

त्या आठवड्यात तिचा गुडघा सुजला होता. तिला उठवत नव्हतं. सापाचं काम तिने कितीदा केलेलं. साप म्हणजे एक वाट, एक दिवस. तिने फोनवरच दर सांगितला. आयुष्यात पहिल्यांदा जागा न पाहता. आदेश निघाला.

दोघं बहीणभाऊ आले. मामाने शिडी लावली, तक्तपोशीतली झडप उचलली, डोकं वर घातलं आणि लगेच खाली आला.

"ताई, तूच बघ."

"माझा गुडघा बघ आधी."

"गुडघा मी रोज बघतो. हे बघायला तूच ये."

ती चढली. प्रत्येक पायरीवर थांबत, श्वास घेत, माझ्या नावाने बोटं मोडत, कारण शिडी मी धरली होती आणि ती डुगडुगत होती. तिचं डोकं झडपेत गेलं. मग ती हसली. "अगं बाई! हा साप तर पाच तोंडांचा आहे!"

घुबडाची पाच पिल्लं होती. पांढऱ्या पानासारख्या चेहऱ्यांची, अंगावर मळकट कापूस, आणि पाचही तोंडं उघडून भुकेने फुत्कारत होती. कौलांखालच्या तिकोनी भिंतीतल्या झरोक्यातून त्यांचे आईबाप ये-जा करत होते.

ती खाली उतरली तोवर हसू गेलं होतं. ती बाकावर बसली, गुडघा चोळत म्हणाली, "माझा दर चुकला."

मामा म्हणाला, "मग सांगू जाऊन."

आम्ही तिघं साहेबांच्या खोलीत गेलो. साहेब वाईट माणूस नव्हते. आमच्याकडे बसायला खुर्च्या सरकवल्या त्यांनी. दरमावशीने आडपडदा न ठेवता सांगितलं, "साहेब, सापाचा दर दिला, निघालं घुबड. पिल्लं उडेपर्यंत झरोका बंद करता येत नाही. दीड-दोन महिने जातील. चूक माझी आहे, मी न बघता बोलले."

"मावशी, आदेश निघाला आहे. दर वाढवायचा तर सगळं पहिल्यापासून करावं लागेल. आणि लोक घाबरले आहेत, माझ्याकडे तक्रारी आल्यात."

"दर वाढवा असं मी म्हटलेलं नाही."

"मग दोन महिने खोलीला कुलूप लावू."

शेजारची शिवणवर्गाची खोली अशीच रंगासाठी बंद केली होती. आधी तिच्यात मोडक्या खुर्च्या गेल्या, मग कागदांचे गठ्ठे, आणि शिवण शिकणाऱ्या बायका अजून कुठेतरी एका पत्र्याच्या शेडमध्ये बसतात. माझ्या तोंडून निघून गेलं, "साहेब, कुलूप लागलं की ती खोली गेली. पुन्हा वाचकांना मिळत नाही."

साहेबांना ते ठाऊक होतं. "मग दुसऱ्याला बोलवावं लागेल. तो एका दिवसात पोतं भरून नेतो. मला दोन्ही आवडत नाही. शनिवारी मी येऊन बघतो. तोवर घाण थांबली आणि लोक बसू लागले तर ठीक, नाहीतर सोमवारी दुसऱ्याचा आदेश काढतो."

बाहेर जिन्यात मामा कुजबुजला, "ताई, सोडून दे. नाही जमत म्हणून लिहून दे."

"दर कोणी दिला?"

"तू."

"मग गप चल."

ती वाचनालयात आली आणि दुपारभर टेबलाखाली चटई टाकून उताणी पडून तक्तपोशी बघत राहिली. मी पुस्तकं पुसत होतो. मला वाटलं झोप लागली असेल. मग ती बोलली, माझ्याशी की छताशी कुणास ठाऊक. "वाटा दोन आहेत. एक त्यांची, आकाशातून माळ्यात यायची. दुसरी ही, माळ्यातून आपल्या डोक्यावर यायची. आपल्याला त्रास कुठल्या वाटेचा? दुसरीचा. मी एका वाटेचा दर घेतलाय. ही बंद करते."

ती उठली आणि तिने खडूने फटींवर खुणा करायला मामाला वर चढवलं.

रोज येणाऱ्यांत एक म्हातारा सुतार होता. अग्रलेख मोठ्याने वाचून दाखवायची त्याला खोड, म्हणून त्याचं नावच अग्रलेख पडलं होतं. तो पुढे आला. "मावशी, फळ्या मी मारतो. माझ्याच वाचनालयाचं काम. पैसे नकोत."

"मग नकोच तुम्ही."

"का हो?"

"फुकटच्या कामाला उद्या नावं ठेवता येत नाहीत. फळी निसटली तर मी कोणाला बोलावू? मजुरी घ्या आणि नीट मारा."

अग्रलेख पुटपुटला, पण त्याने मजुरी घेतली, आणि कामाला असा लागला की त्या आठवड्यात अग्रलेख वाचायचे राहूनच गेले. जुन्या तक्तपोशीखाली नव्या फळ्या, दोन्हींच्या मध्ये आवाज दाबायला गोणपाट. मामाने माळ्यावर, पिल्लांपासून जरा दूर, घाण झेलायला पत्र्याची तबकं सरकवून ठेवली. तो वर गेला की पिल्लं मागे सरून डुलायची, आणि मामा त्यांना म्हणायचा, "बसा बाळांनो, मामा आलाय." फळ्या, गोणपाट, पत्रा, सुताराची मजुरी, सगळं दरमावशीच्या पदरचं. सापाच्या दरात यातलं काहीच धरलेलं नव्हतं.

पण घाण थांबली तरी भीती कशी थांबणार? आवाज मंद झाला होता, गेला नव्हता. तेव्हा तिने आणखी एक केलं, जे कुठल्याही दरात बसत नाही. रोज संध्याकाळी ती येऊन टेबलापाशी बसू लागली. कुणी दचकून वर बघितलं की सांगायची, "भूक लागलीय त्यांना. आई येईल आता." आणि खरंच थोड्या वेळाने पंखांची चाहूल न लागता फुत्कार एकदम वाढायचे, मग शांत व्हायचे. "जेवली," ती म्हणायची आणि चष्मा पुसायची. दोन दिवसांत लोक आवाजाची वाट बघू लागले. चौथ्या संध्याकाळी एक शिक्षिका आपल्या सासूला घेऊन आली, पिल्लांना जेवताना ऐकायला.

शनिवारी साहेब आले. टेबलावर हात फिरवला, वर्तमानपत्र उघडून बसले. खोली भरलेली होती. मी दाराशी उभा. दरमावशी कोपऱ्यात, गुडघा लांब करून. आणि वरून, गोणपाटातून गाळून आल्यासारखा, फुत्कार आला.

"हे काय? अजून आहेच?" साहेब म्हणाले.

अग्रलेखाने पान उलटलं. "साहेब, माझी बायको याहून मोठ्याने घोरते. तिच्यासाठी कुणी आदेश काढत नाही."

आधी शिक्षिका हसली, मग सगळी खोली. साहेबांनी हसू दाबायचा प्रयत्न केला, तो काही जमला नाही. जाताना ते दरमावशीपाशी थांबले. "काम पूर्ण झालं असं लिहितो."

"झरोका उघडा आहे अजून," ती म्हणाली.

"मी एका वाटेचा आदेश काढला होता," साहेब म्हणाले, आणि गेले.

मला त्या माणसाचेही आभार मानायचे आहेत. दर वाढवून देणं त्यांच्या हातात नव्हतं, म्हणून हातात होतं ते त्यांनी केलं. पुढच्या कामांपासून आदेशात ओळ आली की दर प्रत्यक्ष जागा पाहूनच द्यावा, आणि पाहणीचे वेगळे पैसे मिळतील. मामाने ती बातमी आणली तेव्हा ती माझ्याकडेच बसली होती.

"ताई, पण त्या कामात आपल्या हाती काय लागलं?"

"अक्कल," ती म्हणाली. "धर अक्कलखाती."

पिल्लं मोठी झाली. एकेक करून झरोक्याच्या कडेवर येऊन बसू लागली आणि एकेक करून गेली. त्या दिवसांत खोलीतले फुत्कार कमी झाले तसं वाचकांना चुकल्यासारखं होऊ लागलं. शेवटचं पिल्लू गेल्यावर काही दिवसांनी ती आली, मामासोबत, शिडी घेऊन. माळा साफ केला, पत्र्याची तबकं काढली. खाली आणलेल्या पिशवीत घुबडांनी ओकून टाकलेले केसांचे करडे गोळे होते, आणि त्यांत उंदरांच्या नाजूक कवट्या आणि हाडं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्या काळात माझं एकही पुस्तक कुरतडलेलं सापडलं नव्हतं.

"आता झरोका बंद करणार?" मी विचारलं. अग्रलेखही वर्तमानपत्र खाली ठेवून ऐकत होता.

"दुसऱ्या वाटेचा दर मी दिलेला नाही," ती म्हणाली. "आणि कुणी मागू पण नका."

मला पुष्कळ बोलायचं होतं. माझी खोली, माझी अक्षरं, माझी रोजची संध्याकाळ, सगळं तिच्यामुळे जागेवर राहिलं होतं. पुस्तकात हजार शब्द वाचलेला मी, तोंडातून एवढंच निघालं, "मावशी, उपकार झाले."

"उपकाराचा दर मला ठरवता येत नाही. म्हणून तसली कामं मी घेत नाही." तिने पिशवी उचलली. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला, आधारासाठी की कशासाठी, मी विचारलं नाही. "खिडक्या लवकर लावत जा. डास येतात."

तिने स्वतः चढलेला तो शेवटचा माळा. त्यानंतरच्या पाहण्या ती खालूनच करायची, मामाला वर पाठवून, त्याच्या डोळ्यांनी बघत. पण हे आम्हाला त्या संध्याकाळी ठाऊक नव्हतं. मामा शिडी खांद्यावर घेऊन पुढे झाला. ती मागून, उजवा पाय जरा ओढत, रस्त्याच्या कडेकडेने भिंतीवरून नजर फिरवत चालली, जशी ती कुठल्याही रस्त्याने चालायची. कोपऱ्यावर एका गटारीच्या जाळीपाशी थांबली, वाकून बघितलं, मान हलवली आणि वळली.

मी दारात उभा होतो. माझ्यामागे अग्रलेख, बोट वर्तमानपत्रातल्या ओळीवर तसंच ठेवून. आणि आमच्या डोक्यावर, झरोक्यात, जुन्या घुबडाचा पांढरा चेहरा, रस्त्याकडे वळलेला.