बंपरवरचा पोचा

केदारखेड्याहून तरुणपणी जालन्यात आलेले राजानंद मस्तगड भागात गाड्यांचे पोचे काढता काढता म्हातारे झाले. त्यांची एक रीत होती. काम संपले की डोळे मिटायचे आणि पत्र्यावरून तळहात फिरवायचा. हाताला काही लागले, की पुन्हा हातोडी. डोळा फसतो, हात फसत नाही, असे ते म्हणत.

तीर्थपुरीच्या पुष्पाबाईंनी आपली जुनी फियाट त्यांच्याकडे आणून टाकली. त्यांचे मालक धर्मराज गेल्यापासून ती गोठ्याशेजारी ताडपत्रीखाली उभी होती. सीटमध्ये उंदरांनी संसार थाटला होता. "मिस्त्री, व्हती तशी करा," एवढेच बाई बोलल्या. धर्मराजांनी हैदराबादहून नवीकोरी आणली तेव्हा ती कशी दिसत असेल, ते डोळ्यांपुढे आणत राजानंद आणि त्यांचा रंगारी राधेश्याम उन्हाळाभर राबले.

गाडी न्यायला बाई आल्या. मोतिया रंग बघून त्यांनी पदर तोंडाला लावला. इंजिनाचा आवाज ऐकून हसल्या. मग पुढे जाऊन चकचकीत बंपरच्या मधोमध बोटे टेकवली, आणि ती बोटे तिथेच काहीतरी शोधत राहिली.

"मिस्त्री, इथला पोचा?"

"काढला की! डोळे झाकून हात फिरवा वहिनी, सापडायचा न्हाई."

 बाई शेजारच्या स्टुलावर बसल्या.

"दर दसऱ्याला इथंच नारळ फोडायचे ते. बराबर इथंच. त्यांच्या हातचं तेवढंच राह्यलं व्हतं."

 तो पोचा राजानंदांच्या तळहाताला अजून आठवत होता. तीन बोटे बसतील एवढा, तळाशी गुळगुळीत. एकाच जागी इतका मार कामून बसला असंल, असे तेव्हा मनात आलेही होते. पण हातोडी थांबली नव्हती.

"त्यात काय एवढं!" राधेश्याम म्हणाला. "द्या हातोडी, आत्ता पाडून देतो."

"गप बस!" राजानंद असे ओरडले, की राधेश्यामच्या हातातला फडका गळून पडला. "हातोडीचा पोचा अन् नारळाचा पोचा एकच का रे?"

 मग बाई उठल्या. गाडी घरी न्यायची म्हणून आणलेला नारळ त्यांनी पिशवीतून काढला. राजानंदांनी हात पुढे केला.

"न्हाई मिस्त्री. मी फोडते."

"वहिनी, बायकांनी नारळ..." राधेश्याम पुटपुटला.

"मंग कुणाला बोलवू? फोडणारा तर निघून गेला."

बंपरच्या मधोमध घातलेला पहिला घाव निसटला. दुसऱ्याला नारळ फुटला, पाणी राधेश्यामच्या पायजम्यावर उडाले. राजानंदांनी डोळे मिटून बंपरवर तळहात फिरवला. लागले. कणभर, नखाएवढे. हात सवयीने हातोडीकडे निघाला. त्यांनी तो अर्ध्यात आवरला, खाली पडलेला फडका उचलला आणि बंपरवरचे पाणी पुसून काढले, तेवढी जागा सोडून.