बुटकीचे राठ केस

ही गोष्ट सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळत आलो. कधी विषय निघालाच तर अर्धी सांगितली, आणि जी अर्धी सांगितली ती माझ्या सोयीची होती. परवा कुलरच्या ताट्या बदलायला काढल्या. होळी झाली की आमच्याकडे घरोघरी हे काम निघतं. जुन्या ताटीतला लाकडाचा कीस वर्षभराच्या पाण्याने फिकट, मऊ, लोळागोळा झालेला. नव्या ताटीतला कोरा, ताठ, तळव्याला टोचणारा. मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्ही नुसते बसा." म्हणून बसलो, नवी ताटी मांडीवर घेतली आणि तिच्यावरून उगाच हात फिरवत राहिलो. एकदा सुलट, एकदा उलट. या वयात डोळ्यांच्या आठवणी पुसट होत जातात, ऐकलेलं तर राहतच नाही. हाताला मात्र सगळं आठवतं. माझ्या हाताला एका कुत्रीची पाठ आठवली. मग जुनी ताटी उचलली, तर तीही तीच कुत्री निघाली. नंतरची.

जिल्हा तुटून गोंदिया वेगळा झाला, त्या उलथापालथीत माझी बदली साकोलीला झाली होती. गुरांच्या दवाखान्यात मी पर्यवेक्षक. लसी टोचायच्या, जखमा धुवायच्या, अडलेल्या गाईपाशी रात्र काढायची. लोक मला डॉक्टर म्हणायचे, आणि मी म्हणू द्यायचो. खरे डॉक्टर जवळच्या एकोडी गावात होते. हाडांचे डॉक्टर, आयुष्य मोठ्या शहरात घालवून, पत्नीच्या मागे, धानाच्या बांध्यांच्या, म्हणजे भातखाचरांच्या, कडेला छोटं घर बांधून एकटे राहत. सोबतीला राठ केसांची डॅशहुंड जातीची कुत्री. पोट जमिनीला टेकेल इतके आखूड पाय, लांबलचक अंग, तोंडाला म्हाताऱ्यासारखी दाढी आणि डोळ्यांवर झुबकेदार भुवया. गावाने तिचं नाव बुटकी ठेवलं. शेजारचा एक शेतकरी पहिल्यांदा तिला बघून म्हणाला होता, "डॉक्टरसाहेब, हे रानडुकराचं पिल्लू कायले पोसून राहिले जी? उद्या मोठं होऊन माह्याच बांधीत घुसंन!"

तो चुकला नव्हता. डॉक्टर सांगायचे की या जातीत त्या रंगाला रानडुकराचाच रंग म्हणतात. लांबून ती काळपट तपकिरी दिसे. पण एक केस चिमटीत धरून उन्हात पाहिला की कळायचं, एकाच केसात तीन रंग आहेत: मुळाशी राखाडी फिका, मध्ये धानाच्या वाळल्या तणशीसारखा पिवळसर, आणि शेंड्याला काळा. असे हजारो शेंडे एकमेकांना चिकटून बसले की तिच्या अंगावर तो गहिरा, हलता रंग यायचा. ती चालायला लागली की पाठीवरून वारा गेल्यासारखं वाटे. कान तेवढे मऊ, पंजे विटकरी. वरचे केस तारेसारखे ताठ, त्यांच्या खाली कापसासारखी लव. पावसात भिजली तरी एकदा अंग झाडलं की कोरडी. बोराटीच्या जाळीतून सरळ आरपार जाई, काटा लागत नसे. डॉक्टरांना मोतीबिंदू झालेला होता, दोन्ही डोळ्यांत. त्यांना बुटकी आता धड दिसत नसे. ते तिला हाताने पाहत. संध्याकाळी खुर्चीत बसून तिच्या पाठीवरून उलटा हात फिरवत आणि म्हणत, "रंग बोटांनाही कळतो हो. केस ताठ आहे म्हणजे शेंडा शाबूत आहे. शेंडा शाबूत म्हणजे रंग शाबूत."

घर सांभाळायला गावातल्याच एक बाई येत. पन्नाशीच्या आतबाहेरच्या, उंच, कमी बोलणाऱ्या. धानाच्या रोवणीत आणि निंदणीत त्यांचा हात गावात कुणी धरू शकत नसे. त्यांच्या सासऱ्यांनी नागपूरला जाऊन दीक्षा घेतलेली. एकदा मान ताठ केली की ती परत वाकवायची नाही, हे त्या घरात लेकीसुनांनाही शिकवलेलं. डॉक्टरांच्या घराची किल्ली त्यांच्या पदराच्या गाठीला असे. सबंध गावात साहेबाच्या घराची किल्ली ज्यांच्यापाशी आहे अशा त्या एकट्या होत्या. ती गाठ त्या झाकत नसत.

होळीनंतर डॉक्टर डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी मुलीकडे गेले. एकेक डोळा करायचा, मध्ये थांबायचं, म्हणजे पावसाळा उलटणार होता. जाताना मला म्हणाले, "बाई आहेत, त्यांना सगळं माहीत आहे. तुम्ही फक्त महिन्यातून एकदा येऊन नजर टाका."

मी मे महिन्यात गेलो. ऊन असं की स्कूटरचं हँडल धरवत नव्हतं. बाई ओसरीत बसलेल्या, बुटकी त्यांच्या मांडीवर आडवी, आणि बाई दोन बोटांनी तिच्या पाठीचे केस उपटत होत्या. शेजारी केसांचा ढीग. मी फाटकातूनच ओरडलो, "काहून उपटून राहिली तिचे केस? जनावर आहे म्हणून काय झालं?"

"दुखत नाही जी तिले," त्या म्हणाल्या. "पिकला केस आपोआप हातात येते. कच्चा येतच नाही. निंदणीसारखंच आहे. डॉक्टरसाहेबांनं दाखवलं मले."

माझा विश्वास बसला नाही. तीस वर्षं जनावरांत काढलेला माणूस मी, मला ही बाई शिकवणार? बुटकी डोळे मिटून पडली होती, शेपटीचं टोक हलत होतं, हे मला दिसत होतं. तरी दिसलं नाही. मी म्हणालो, एवढ्या उन्हात हे लोकरीचं ओझं, हिचे केस सरळ कापून टाकले पाहिजेत. बाई उभ्या राहिल्या. "कापू नोका साहेब. उपटलं तं नवं येते, कापलं तं जुनंच वाढते. वरचा काळा शेंडा जाईन, खालचं पांढरं राहीन. डॉक्टरसाहेब काय म्हणतीन?"

"डॉक्टरसाहेबाले मी सांगतो," मी म्हणालो. माझं हे वाक्य नीट लक्षात ठेवा.

साकोलीत एसटीडीचं दुकान होतं. एक फोन केला असता तर पुरे होतं. मी बुटकीला गोणपाटात गुंडाळून स्कूटरवर ठेवलं. बाईंनी गोणपाटाचं टोक हातात धरून ठेवलं होतं. मी स्कूटर सुरू केली तेव्हा ते सुटलं. दवाखान्यात जखमेभोवतीचे केस कापायची वाकडी कात्री होती, तिने दुपारभर कापले. खालून राखेच्या रंगाची एक लहानशी, ओळख न पटणारी कुत्री बाहेर आली. मला समाधान वाटलं, हे कबूल करतो. मी त्या दिवशी दोघाचौघांना सांगितलंही, की एका मुक्या जिवाला मोकळं केलं.

केस आले. पावसाळ्यात वाढले, दिवाळीपर्यंत भरले. पण ते दुसरेच होते. मऊ, विरळ, धुतलेल्या गोधडीतल्या कापसासारखे. रंगाला रंग नाही. पावसात ती चिंब भिजे आणि तासन् तास कुडकुडे. बोराटीच्या जाळीपाशी जाऊन थांबे आणि परत फिरे. दर महिन्याला मी बघत होतो आणि दर महिन्याला ठरवत होतो, डॉक्टर आले की आपणच आधी सांगायचं.

डॉक्टर दिवाळीनंतर आले. धानाची कापणी चालू होती, हवेत ताज्या तणशीचा वास होता. मी भेटायला गेलो तेव्हा ते ओसरीत उभे राहून लांबवरचा डोंगर बघत होते. नवे डोळे घेऊन आलेल्या माणसाचा चेहरा कधी पाहिला आहे? डॉक्टरांचं लहान मूल झालं होतं. म्हणाले, "बांधावरचं पळसाचं पान न् पान दिसतं हो! आता बुटकीला बघायचं आहे. चार वर्षं झाली तिचा रंग पाहून." बुटकी मागच्या दारातून धावत आली, त्यांच्या पायांवर चढली. त्यांनी वाकून बघितलं. मग हात फिरवला, उलटा. मग पुन्हा बघितलं.

"कात्री कोणी लावली?"

आवाज चढलेला नव्हता. बाई चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की त्या क्षणी मी गप्प राहिलो. ते खरं नाही. मी गप्प राहिलो असतो तर थोडं बरं झालं असतं. मी बोललो. मी म्हणालो, "मी तर महिन्यातून एकदाच येत होतो, डॉक्टरसाहेब."

त्यातला शब्द न् शब्द खरा होता. बाई माझ्याकडे बघत राहिल्या. रागाने नाही. समोरच्याचं वाक्य अजून संपलेलं नाही आणि ते संपायची वाट बघावी, तसं. मी बुटकीच्या कानाकडे बघत होतो.

डॉक्टर म्हणाले, "डोळे नवे करून आलो, आणि बघायला हे ठेवलंत?" हे ते बाईंना म्हणाले.

"येतीन जी केस परत," बाई म्हणाल्या. "मऊ मऊ उपटून टाकीन हळूहळू, मंग खालून राठच येतेत."

"आता हात लावू नका तिला. घर सोडून गेलो होतो मी तुमच्यावर."

बाईंनी ट्रे ठेवला. पदराची गाठ सोडायला त्यांना वेळ लागला, जुनी गाठ होती. किल्ली कपाशेजारी ठेवली, साखरेचं भांडं थोडं सरकवून, आणि गेल्या. माझं नाव घेतलं नाही. घेतलं असतं तर सरकारी माणसापुढे त्यांचं कुणी ऐकलं असतं का, हा हिशेब त्यांनी केला असेल. किंवा मी सांगेन असं त्यांना शेवटपर्यंत वाटलं असेल. दुसरं जास्त छळतं.

चार दिवसांनी एकोडीच्या चहाच्या टपरीवर ऐकलं. एकजण म्हणत होता, "परदेशी कुत्र्याचे केस लय महागात जातेत म्हणते. विकले असतीन बाईनं." दुसरा म्हणाला, "मंग माही शेळी भादरतो अन् डॅशहुंड म्हणून खपवतो!" सगळे हसले. मीही हसलो.

त्यानंतर त्या बाई परक्या बांध्यांत निंदणीला जाऊ लागल्या. मी एकोडीला जात राहिलो, आता महिन्यातून दोनदा, तीनदा. डॉक्टर आत असले की बुटकीला मांडीवर घेऊन केस उपटून बघायचो. बाईंनी सांगितलं तसं, दोन बोटांनी. पिकला केस कोणता, कच्चा कोणता, माझ्या बोटांना कळत नव्हतं. बुटकी कळवळायची आणि मान वळवून माझ्याकडे बघायची. राठ केस परत यायलाही जाणता हात लागतो, आणि तो हात मीच त्या घरातून घालवला होता. बुटकी तशीच फिकट राहिली आणि तशीच एका हिवाळ्यात गेली. तिला परसात पुरून आल्यावर डॉक्टरांनी हातापायांची माती धुतली. मग म्हणाले, "त्या बाईंना मी फार बोललो का हो?"

दार असं सताड उघडं होतं. मी म्हणालो, "जाऊ द्या, डॉक्टरसाहेब." पुढच्या वर्षी तेही गेले.

निवृत्तीनंतर एकदा अड्याळच्या बाजारात सुक्या मासोळ्यांच्या ढिगाशी त्या बाई दिसल्या. लेकीकडे राहायला आल्या होत्या. केस पांढरे झाले होते, मान तशीच. मी पळून जाणार होतो, पण त्यांनीच हाक मारली. "साहेब, बुटकी कशी आहे जी?"

"गेली," मी म्हणालो.

त्यांनी हातातली पिशवी खाली ठेवली. "केस आले होते का मंग?"

साकोली ते एकोडी त्या रस्त्यावर स्कूटर चालवताना मी कबुलीचं जे वाक्य शंभरदा घोकलं होतं ते जिभेवर आलं होतं. पण मी म्हणालो, "आले होते. पहिल्यासारखे."

त्यांचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. "बरं झालं," त्या म्हणाल्या, "माह्या हातानं नाही तं नाही."

परवा ताट्या लावून झाल्या आणि मी एसटीने अड्याळला गेलो. मुलाला कारण सांगितलं नाही. लेकीचं घर सापडलं. भिंतीवर बाबासाहेबांच्या फोटोशेजारी बाईंचा फोटो होता, हार वाळलेला. गेल्या पावसाळ्यात गेल्या. लेकीने पाणी दिलं, मी कोण ते विचारलं, आणि ऐकल्यावर हसली. "आई नेहमी तुमची गोठ सांगे. म्हणे, साकोलीचे साहेब लय भले, बुटकीचे केस आल्याचं सांगून गेले. काही काम होतं का जी?"

"नाही," मी म्हणालो, "इकडून जात होतो."

परतीच्या गाडीत खिडकीतून गरम वारा येत होता. काळाने सगळं निवतं असं म्हणतात. मला तसं दिसत नाही. काळ फक्त कापत जातो, वरवर. मुळाशी जे आहे ते तिथेच राहतं आणि तेच पुन्हा वाढतं. मी थकलो आहे. म्हणून जे वाक्य ओसरीत संपलं नाही, टपरीवर संपलं नाही, बाजारात आणि परवा त्या फोटोसमोरही संपलं नाही, ते इथे लिहितो. बाई, कात्री माझी होती. तुम्ही नको म्हणत होतात, गोणपाट धरून होतात, तरी मी लावली. डॉक्टरांना मी सांगणार होतो, आणि सांगितलं नाही. केस परत आले नाहीत, बाई. मला माफ करा.